शेवटच्या पाण्याची बाई

हिनोउरात सगळ्यात शेवटी आंघोळ कोण करतं, हे गावात कुणालाही विचारा. तोकिएबाई सोमेया. बंदराच्या वरच्या अंगाला त्यांचं नामिनोया नावाचं छोटं हॉटेल आहे. समुद्राकडे तोंड करून दोन न्हाण्या, एक मोठी, एक लहान. डोंगरातल्या झऱ्याचं गरम पाणी नळीतून येतं आणि दोन्ही न्हाण्यांतल्या कुंडांत दिवसरात्र पडत राहतं. आधी पाहुणे, मग स्वयंपाकघरातली माणसं, मग घरचे, आणि सगळ्यांचं उरकल्यावर मालकीण. तोवर पाणी जरा निवलेलं असतं, काठाला कुणाचा तरी केस चिकटलेला असतो. तोकिएबाई तो केस काढतात, पाण्यात उतरतात आणि बसल्या बसल्या हाताला लागेल ती फरशी घासायला घेतात. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूनं सांगितलं होतं, "शेवटचं पाणी मालकिणीचं." नंतर छप्पर बदललं, सासू गेली, नवरा गेला. पाण्याचा क्रम बदलला नाही.

आमच्याकडे न्हाणीत दुसऱ्याच्या आधी शिरायचं झालं, की मागे राहणाऱ्याला सांगायची पद्धत आहे: "पुढे होते हं." तो म्हणतो, "होऊ द्या सावकाश." दिवसातून कितीदा तरी कानावर पडणारं बोलणं. तोकिएबाईंनी यातलं दुसरं वाक्य जन्मभर म्हटलं. पहिलं म्हणायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही.

त्यांना बसलेलं पाहिलेला माणूस विरळा. फुसाए ही त्यांची शाळेपासूनची मैत्रीण. तिचं टपाल कचेरीशेजारी बायकांचे केस कापायचं दुकान आहे. तिचं म्हणणं, तोकीचे केस कापणं म्हणजे पळत्या मेंढीची लोकर काढणं. मध्येच उठते आणि स्वतःचेच पडलेले केस झाडायला लागते.

त्यांचा मुलगा कोहेइ हॉटेलचं स्वयंपाकघर सांभाळतो. सून चिहारु हिमेजी शहरातली, लग्नाआधी दातांच्या दवाखान्यात पेशंटांची नावं लिहून घ्यायची. तोकिएबाई काही खाष्ट सासू नव्हत्या. आवाज चढवणं नाही, टोमणा नाही. चिहारुनं टॉवेलांच्या घड्या घालून ठेवल्या, की त्या मागून जाऊन उलगडत आणि पुन्हा घालत, एवढंच. तिनं दारातल्या चपला लावल्या, की त्या पुन्हा लावत. तिनं फुलदाणीत फांदी खोचली, की जाता जाता तिला बोटभर वळवत. सुनेनं चार वर्षं हे पाहिलं.

गेल्या नोव्हेंबरात कोहेइला हिमेजीच्या एका मोठ्या हॉटेलातून बोलावणं आलं. उत्तर सोमवारी द्यायचं होतं. त्या आठवड्यात जेवताना चिहारुनं विषय काढला.

"आई, मी घातलेली एक तरी घडी तुम्ही कधी तशीच ठेवलीत? एक सांगा."

तोकिएबाईंनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "मागच्या वर्षी मला ताप आला होता ना, तेव्हा."

कोहेइला हसू फुटलं. बायकोचं तोंड बघून त्यानं ते भाताबरोबर गिळलं.

"या शनिवार-रविवारी तुम्ही गावात राहायचं नाही," चिहारु म्हणाली. "सगळ्या खोल्या भरल्यात. मी आणि हे बघतो. फोन करायचा नाही. कुणाकडे चौकशी करायची नाही. रविवारी दुपारच्या बसच्या आधी गावात पाऊल टाकायचं नाही. एवढं जमलं तर आम्ही हिमेजीला नाही म्हणून कळवतो."

"खेकड्यांच्या हंगामात?"

"हंगामातच. रिकाम्या हॉटेलात कसली परीक्षा द्यायची?"

"आणि नाही जमलं तर?"

"तर तुमच्या घड्या तुम्हाला लखलाभ."

तोकिएबाई कोहेइकडे वळल्या. कोहेइ माशाच्या काट्याकडे पाहत होता. तेव्हा त्यांना कळलं की हे बोलणं आधी खोलीत होऊन गेलंय.

जायचं ठरलं ते शिराबेला. घाटापलीकडचं, पुढच्या खाडीवरचं गाव. तिथेही गरम पाण्याचे झरे आहेत, आणि तिथल्या हॉटेलाच्या मालकीणबाई मिसाओ यांची किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांच्या वार्षिक बैठकीत ओळख होती. सोबतीला फुसाए. सोबत कसली, पहारा. तिनं बसमध्ये चढतानाच तोकिएबाईंचा फोन मागून घेतला आणि आपल्या पिशवीत तळाशी टाकला.

डबा विसरला तरी चालेल, छत्री विसरू नये, असं या किनाऱ्यावर म्हणतात. तोकिएबाईंनी दोन छत्र्या घेतल्या होत्या आणि डबाही. घाट चढेपर्यंत पाऊस येऊन गेला, ऊन पडलं, गारा पडल्या आणि पुन्हा ऊन पडलं. तोकिएबाईंचं लक्ष त्यातल्या कशाकडेच नव्हतं.

"आत्ता पाहुण्यांची गाडी स्टेशनात आली असेल."

"येऊ दे," फुसाए म्हणाली.

"कोहेइ आणायला जाताना चष्मा विसरतो."

"बायको आठवण करील."

"चष्मा कुठे असतो ते तिला ठाऊक नाही."

"तोकी, नवरा आहे तो तिचा. तुझ्या हॉटेलातली सामायिक छत्री नव्हे."

तोकिएबाई पुढच्या सीटच्या पाठीवरचं पांढरं कापड सारखं करायला लागल्या.

शिराबेला पहिली चूक दारातच झाली. दोघी चपला काढत होत्या, तेवढ्यात मागून ओसाकाचं एक कुटुंब आत शिरलं. तोकिएबाईंनी त्यांचे बूट पाहिले आणि हात आपोआप खाली गेले. बुटांची तोंडं दाराकडे वळवून त्या गुडघ्यांवर बसल्या आणि डोकं टेकवून म्हणाल्या, "या, या. लांबून आलात, दमला असाल." त्या गृहस्थानं साहजिकच आपली बॅग त्यांच्या हातात दिली. बॅग जिन्यापर्यंत गेली तेव्हा फुसाएनं बाही धरली.

"ठेव खाली."

"अगं, पाहुणे आहेत."

"तू पण."

खोलीत गेल्यावर त्यांनी चहाचा ट्रे उचलून दुसरीकडे ठेवला. बसायच्या गाद्या मोजल्या. भिंतीवर लटकवलेल्या चित्राच्या मागून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली. तेव्हा कुठे त्यांना जरा बरं वाटलं.

चहा झाल्यावर फुसाए त्यांना न्हाणीत घेऊन गेली. कपडे काढायच्या खोलीत कोबेच्या बायकांचा एक घोळका होता, कुठल्याशा भजनीमंडळासारख्या एकत्र गाणाऱ्या. एकेक जण तोकिएबाईंच्या बाजूनं जाताना म्हणत होती, "पुढे होते हं." आणि तोकिएबाई एकेकीला म्हणत होत्या, "होऊ द्या, होऊ द्या सावकाश." हॉटेलानं दिलेल्या झग्याचा पट्टाही त्यांनी सोडला नव्हता.

"येतेस का?" फुसाए आतून ओरडली. "पाणी काय झकास आहे!"

"तुमचं होऊ दे."

"माझं झालंय की. मी पाण्यातच आहे."

"मग नीट होऊ दे."

फुसाए बाहेर आली तेव्हा कपड्यांच्या सगळ्या टोपल्या एका रेषेत लागलेल्या होत्या आणि तोकिएबाई खोलीत निघून गेल्या होत्या. जेवणानंतर जाईन, असं त्यांनी सांगितलं. फुसाएनं ते मान्य केलं, कारण तिला भूक लागली होती.

दिवेलागणीला फुसाए जरा लवंडली. तोकिएबाई नुसत्याच चटईवर बसून होत्या. समोर समुद्र, मागे झोपलेली मैत्रीण, आणि हाताला काही काम नाही. अशा वेळी हात काहीतरी शोधतो. नामिनोयात दिवेलागणीला पडदे बदलतात. दोन न्हाण्यांच्या दारांवर दोन कापडी पडदे, लाल बायकांचा, निळा पुरुषांचा. संध्याकाळी त्यांची अदलाबदल करायची, म्हणजे समुद्राकडची मोठी न्हाणी दोघांच्या वाट्याला येते. तोकिएबाई हे काम इतकी वर्षं करत आल्या आहेत की दिवा लागला आणि पडदा बदलला नाही, तर त्यांना जेवण जात नाही.

त्या उठल्या आणि खाली गेल्या. इथल्या मोठ्या न्हाणीवर अजून लालच पडदा होता. विसरलेले दिसतात, त्या मनात म्हणाल्या. नवी मुलगी असेल. रीतीप्रमाणे त्यांनी आत डोकावून पाहिलं. मोठी न्हाणी रिकामी होती. लहान न्हाणीच्या दाराशी उभं राहून त्यांनी विचारलं, "आहे का कुणी?" उत्तर आलं नाही. त्यांनी काठीनं दोन्ही पडदे उतरवले, लाल लहान न्हाणीवर लावला, निळा मोठ्या न्हाणीवर. सुरकुती काढली. आणि कित्येक तासांत पहिल्यांदा हलक्या मनानं जिना चढून वर आल्या.

शिराबेत पडदे सकाळी बदलतात. प्रत्येक हॉटेलाची आपली वेळ असते, हे तोकिएबाईंना ठाऊक होतं, जसं शेजारच्या घरात मीठ वेगळ्या डब्यात असतं हे ठाऊक असतं. पण हात काही विचारून जात नाही.

लहान न्हाणीत एक निवृत्त हेडमास्तर होते. तोकिएबाईंनी हाक मारली तेव्हा ते डोक्यावर बादल्या ओतून घेत होते. केस धुऊन ते कुंडात उतरतात न उतरतात, तोच कोबेच्या बायका दुसऱ्या डुबकीसाठी खाली आल्या, लाल पडदा पाहिला आणि गात गात आत शिरल्या. पुढचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. हेडमास्तर नाकापर्यंत पाण्यात बुडाले आणि तिथूनच वर्गातल्या आवाजात गरजले, "सगळ्या बाहेर! रांगेनं!" बायका खरोखरच रांगेनं बाहेर आल्या, असं त्यातलीच एक नंतर सांगत होती.

दर्शनी खोलीत मिसाओबाई आपल्याकडच्या मुलीला फैलावर घेत होत्या. मुलगी रडवेली होऊन म्हणत होती, मी पडद्याला हात लावला नाही. तोकिएबाईंनी जिन्यावरून ते ऐकलं. खाली येऊन त्या फरशीवर बसल्या आणि कपाळ टेकवलं.

"माझ्या हातून झालं."

मिसाओबाईंना क्षणभर कळेना. मग कळलं. "अहो, पण तुम्ही कशाला?"

"दिवे लागले होते."

"तुमचा हात रिकामा राहतच नाही का हो?"

"झोपेतसुद्धा नाही," मागून आलेली फुसाए म्हणाली.

मिसाओबाई हसल्या. त्या मोठ्या मनाच्या बाई आहेत. हेडमास्तरांना वरच्या दर्जाची दारू पाठवली गेली आणि त्यांचाही राग निवळला. पण तोकिएबाईंना उठवताना मिसाओबाई सहज म्हणून गेल्या, "सूनबाई कशी टिकली हो तुमच्या हाताखाली?" त्यांना अटीबिटीची काही कल्पना नव्हती. तोकिएबाई जेवल्या नाहीत. न्हाणीच्या दिशेनं फिरकल्याही नाहीत.

सकाळी इवाओची गाडी मागच्या दाराशी लागली. इवाओ हिनोउराच्या बंदरातून मासे घेऊन निघतो, शिराबेच्या हॉटेलांना घालतो आणि रिकाम्या पेट्या घेऊन परत जातो. तोकिएबाई आधीच तिथे उभ्या होत्या. अंगात शिराबेच्या हॉटेलाचा सुती झगा, वर त्यांचंच कापूस भरलेलं जाकीट, पायांत लाकडी चपला, हातात छत्री. पाहुणे सकाळी असे हवा खायला निघतात. हवा खायला मासळीच्या गाडीपाशी कुणी येत नाही, तो भाग वेगळा.

"पडद्याचं कानावर आलं," इवाओ पेटी उतरवत म्हणाला. "हेडमास्तर या वयात पोहायला शिकले म्हणे."

तोकिएबाईंनी उतरवलेली पेटी बाकीच्यांच्या रेषेत सरकवली.

"आणि तुमच्याकडे तर काल पाणीच..."

"मी काही विचारलेलं नाही," तोकिएबाई घाईनं म्हणाल्या. "फुसाएला विचार. मी एक शब्द विचारलेला नाही."

"मी कुठे म्हणतोय विचारलंत? मी माशांशी बोलतोय." इवाओनं पेटीचं झाकण उघडलं आणि माशांना उद्देशून सुरू केलं. "तर काय झालं, काल संध्याकाळी नामिनोयाची नळी चोंदली. पाहुणे टॉवेल घेऊन उभे, आणि कुंडात टिपूस नाही. कोहेइ हातोडी घेऊन छपरावर. मग सूनबाईंनी काय केलं? प्रत्येकाच्या हातात छत्री दिली आणि सगळ्यांना रांगेनं आपल्या गावाच्या न्हाणीत घेऊन आल्या. आमची बायको होती तिथे. एका पाहुणीची पाठ घासून दिली तिनं. पाहुणी म्हणाली, अजून घासा."

गावाची न्हाणी म्हणजे बंदरावरची पत्र्याची खोली. दाराशी रबरी बुटांची रांग, आत जाळी ओढून आलेली माणसं, आणि पाणी इतकं कडक की नवख्याचे पाय लाल होतात. नामिनोयाचा पाहुणा आजवर त्या दारातून आत गेला नव्हता. पाणी नसलं तर तोकिएबाईंनी हंडे तापवले असते, सगळ्यांच्या पाया पडल्या असत्या, पण पाहुण्याला गावात नेलं नसतं. त्यांनी छत्री मिटली आणि गाडीचं दार उघडून आत बसल्या.

इवाओ बघतच राहिला. "मालकीणबाई, झगा त्यांचा आहे."

"धुऊन पाठवीन. चल."

जेवणघराच्या खिडकीतून फुसाएनं हे पाहिलं. तिच्या एका हातात भाताचा वाडगा होता. "तोकी! कुठे निघालीस?"

"नळी चोंदलीय!"

"मग तू काय नळीत शिरणार आहेस? दुपारपर्यंत थांब!" गाडी सुरू झाली. "मी नाष्टा टाकून येणार नाही, सांगून ठेवते!"

ती आली नाही. तिनं नाष्टा संपवला. उकडलेलं अंडं तर तोकिएबाईंच्या वाटचंही खाल्लं, हे तिनंच नंतर दुकानात सगळ्यांना सांगितलं.

घाट चढताना तोकिएबाई पुढे वाकून बसल्या होत्या, जणू त्यामुळे गाडी लवकर पोचणार होती. इवाओला शांतता सोसत नाही. त्यानं आपली तक्रार काढली.

"तुमच्या सूनबाईंचं मला काही कळत नाही बुवा. चांगले नर ठेवले होते मी, हे एवढाल्या नांग्यांचे. म्हणतात, नकोत. माद्या द्या."

"माद्या?" तोकिएबाईंनी मान वळवली. नामिनोयाच्या टेबलावर खेकडा जातो तो मोठा नर. माद्या लहान, स्वस्त, गावात घरोघरी खातात तसल्या. "पाहुण्यांना माद्या?"

"म्हणतात, पाहुण्यांना ती आतली अंडी आवडतात. शहरात मिळत नाहीत. मी म्हटलं, मालकीणबाई ऐकल्या तर मला समुद्रात टाकतील."

"टाकीनच. आज वाढल्या की काय?"

"आज कसल्या. पुढच्या शनिवारसाठी सांगितल्यात. वर दम दिलाय, विसरलात तर याद राखा."

तोकिएबाई मागे टेकून बसल्या. शिराबे सोडल्यापासून पहिल्यांदाच त्यांची पाठ सीटला लागली. पुढच्या शनिवारसाठी. ज्याला सोमवारी हिमेजीला होकार कळवायचाय, तो माणूस पुढच्या शनिवारच्या खेकड्यांवरून मासेवाल्याला दम देत नाही. आणि दुपारच्या आधी, या झग्यात, आपण दारात उभ्या राहिलो, तर त्या शनिवारी माद्याही नाहीत आणि नरही नाहीत.

गाडी घाटमाथ्यावर आली.

"थांबव."

"इथे? काय विसरलात?"

"थांबव म्हणते ना."

घाटमाथ्यावर बसथांब्याची शेड आहे, तीन बाजूंनी बंद, समुद्राकडून उघडी. तोकिएबाई उतरल्या. गारा पुन्हा सुरू झाल्या होत्या.

"मालकीणबाई, वारं बघितलंत का?"

"तू मला पाहिलं नाहीस."

"या झग्यात?" इवाओ म्हणाला. "तुम्हाला तर होड्यांवरूनसुद्धा पाहिलं असेल." पण तो गेला.

शेडमधून खाली हिनोउरा दिसतं. बंदर, भिंत, आणि वरच्या अंगाला नामिनोयाचं छप्पर. मागच्या पडवीत टॉवेल वाळत घातले होते. त्या दोऱ्या पश्चिमेकडच्या. पाऊस तिकडून येतो. तोकिएबाई कधी तिथे घालत नाहीत. त्या शेडच्या कडेपर्यंत गेल्या आणि परत आल्या. बाकाखालचा पालापाचोळा छत्रीच्या टोकानं बाहेर काढला. वाऱ्यानं तो आत आणला, त्यांनी पुन्हा काढला. वेळापत्रकाची चौकट तिरकी होती, ती सरळ केली. बसल्या. उठल्या. पडवीत कुणीतरी येऊन टॉवेल आत घेत होतं. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण चाल घाईची नव्हती. टॉवेल आत गेले आणि मागोमाग गारांची सर खाली उतरली.

मग न्हाणीच्या छपरावरच्या फटीतून पांढरी वाफ निघायला लागली. नळी मोकळी झाली होती. कुणी केली, कशी केली, तोकिएबाईंना माहीत नव्हतं. नामिनोयात घडलेली गोष्ट आणि आपल्याला तिची काही कल्पना नाही, हे त्यांना नवीन होतं. पाय गार पडले होते. इथून चालत खाली जायला फार वेळ लागला नसता. त्यांनी दोन्ही हात जाकिटाच्या बाह्यांत खुपसले आणि बाकावर बसून राहिल्या. या दोन दिवसांतलं सगळ्यात कष्टाचं काम ते हेच, असं त्या स्वतः सांगतात.

दुपारची बस आली. फुसाए दोन्ही बॅगा घेऊन पुढच्याच सीटवर होती.

"या पाहुण्याबाई. काय, हवा खाल्ली का पोटभर?"

तोकिएबाई तिच्या शेजारी बसल्या. दात वाजत होते.

"गरम पाण्याच्या गावात जाऊन कोरडी परत चाललीस," फुसाए म्हणाली. "या किनाऱ्यावर अशी तू पहिलीच. शिराबेच्या वेशीवर तुझा पुतळा बसवायला हवा. लाल पडदा नेसवून."

नामिनोयाचे पाहुणे निघून गेले होते. दारात चिहारु होती. तिनं सासूच्या अंगावरचा परक्या हॉटेलाचा झगा पाहिला, पाठीवरचं ठळक नाव पाहिलं. मग गुडघ्यांवर बसली आणि डोकं टेकवून म्हणाली, "या, या. लांबून आलात, दमला असाल."

आत कोहेइ मोठ्यानं हसला.

"झगा धुऊन पाठवायचाय," तोकिएबाई म्हणाल्या.

"मी पाठवीन. तिकडचे पडदे कसे आहेत?"

"इवाओ!"

"इवाओकाका माशांशी बोलत होते. माझ्या कानावर पडलं." चिहारु उठून उभी राहिली. "माशांना ते असंही सांगत होते, की घाटापर्यंत गाडीत कुणीतरी होतं."

कोहेइचं हसणं थांबलं. तोकिएबाई दारातल्या चपलांकडे पाहत होत्या. एक जोड जरा तिरका होता.

"उतरले मी घाटात," त्या म्हणाल्या.

"का?"

"पुढच्या शनिवारचे खेकडे सांगितलेस म्हणे."

"हो. माद्या."

माद्यांबद्दल तोकिएबाईंना बरंच काही बोलायचं होतं. ते ओठांपर्यंत आलं, हे चिहारुला दिसलं. कोहेइलाही दिसलं. मग गावाच्या न्हाणीचंही आलं, दोन्ही एकदम. तोकिएबाईंनी तोंड उघडलं.

"टॉवेल पुरले का?" त्यांनी विचारलं.

"पुरले," चिहारु म्हणाली. मग म्हणाली, "बोलणं झालं होतं ते गावात पाऊल टाकण्याचं. घाट गावात मोडत नाही."

हिमेजीला दुसऱ्या दिवशी फोन गेला. कोहेइनं केला आणि लगेच ठेवला.

पण त्याआधी, त्याच दुपारी, तोकिएबाई ओले पाय पुसत असताना चिहारु म्हणाली, "मोठं कुंड घासून भरलंय. आज पाहुणे नाहीत. तुम्ही जा आधी."

"मी शेवटी जाईन."

"शेवटी मी जाणार आहे," चिहारु म्हणाली. "शेवटचं पाणी मालकिणीचं असतं ना?"

ती हे टोमण्यानं म्हणाली नाही. तोकिएबाईंनी तिच्याकडे पाहिलं, कोहेइकडे पाहिलं, दाराजवळच्या त्या तिरक्या जोडाकडे पाहिलं. टॉवेल घ्यायला कपाटापाशी गेल्या. घड्या त्यांच्या पद्धतीच्या नव्हत्या. वरचा एक उचलला, बाकीचे होते तसे ठेवले. न्हाणीच्या पडद्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. म्हातारपणी नवी भाषा बोलावी तसं त्या म्हणाल्या, "पुढे होते हं."

"होऊ द्या सावकाश," स्वयंपाकघरातून चिहारु म्हणाली.

पाणी स्वच्छ होतं. काठाला केस नव्हता. हात फरशीकडे गेला, ती घासलेली होती. तोकिएबाई गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या, आणि स्वयंपाकघरात काहीतरी पडून फुटलं. बहुधा मोठी बशी, निळ्या काठाची. त्या ताडकन उठल्या. पाणी कमरेपर्यंत खाली आलं. कान देऊन उभ्या राहिल्या. झाडूचा आवाज आला, कोहेइ काहीतरी म्हणाला, चिहारु हसली. हाक कुणी मारली नाही.

त्या बसल्या. जरा वेळानं पुन्हा उठल्या, आणि पुन्हा बसल्या.